नुसत्या दांड्या बसवून भागत नाही

घरातलं वयस्कर माणूस पडू नये म्हणून काय करावं, असं विचारलं की बहुतेक जण बाथरूममधल्या धरायच्या दांड्या आणि न घसरणाऱ्या मॅटबद्दल सांगतात. ते हवंच. पण आपलं माणूस नेमकं कशामुळे पडू शकतं, हेही तपासायला हवं.

'टाइम्ड अप अँड गो' ही चाचणी घरीही करता येते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. शेजारी कुणीतरी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवाच.

रात्री लघवीला उठताना तोल जात असेल तर रक्तदाब बघा: ५ मिनिटं आडवं पडल्यावर, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठल्यावर चक्कर येण्याचं कारण तिथे असू शकतं. झोपेच्या, रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. परस्पर बंद मात्र करू नका.

आणि कृपा करून "आता वय झालं, फिरू नका" असं त्यांना सांगू नका. बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि पडण्याची भीती आणखी वाढते. न्यूझीलंडच्या ओटागो व्यायामक्रमात पायांची ताकद, तोल आणि चालणं यांवरच भर आहे आणि त्याने पडणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून एकदा नीट शिकून घ्या.