मुलीला लेस्टरच्या कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलंय, पासपोर्ट तर भारताचा

वाहक (निवृत्त), चिपळूण आगार

नमस्कार मंडळी. मी एस.टी.त वाहक होतो, आता खेर्डीला घरी असतो. धाकटी मुलगी नर्स आहे, इंग्लंडात लेस्टरला सरकारी हॉस्पिटलात. कामाच्या व्हिसावर गेली आहे, पासपोर्ट भारताचाच. परवा तिच्या पत्त्यावर तिथल्या सिटी कौन्सिलचं पत्र आलं. मतदार यादीत नाव नोंदवा, नाही नोंदवलंत तर 80 पौंड दंड होऊ शकतो, असं त्यात आहे. तिने फोटो पाठवला. कागद सरकारी दिसतो, पण आजकाल सरकारी दिसणाऱ्या कागदावरच जास्त फसवणूक होते.

परदेशी माणसाला कुणी मत द्यायला बोलावतं का? आणि खरंच बोलावत असतील, तर तिने मत दिल्यावर इथे काही बिघडतं का? आमच्या वाडीत एक जण म्हणाला, नागरिकत्व जातं. दुसरा म्हणाला, इथल्या यादीतून नाव उडतं. चुलते म्हणतात, सातबाऱ्यावरचं नावही जाईल. चुलत्यांचं सोडा, त्यांना ताप आला तरी ते सातबारा काढून बघतात. पण बाकीच्या दोन गोष्टींची धाकधूक आहे. पोरगी रात्रपाळी करून दमलेली असते, तिला मी काय सांगू?

मालवणी मेवो

काका, पत्र खरा आसा. माझो भाचो लीड्साक आसा, तेका पण असाच इला. तेणां कचऱ्यात टाकल्यान. मगे दुसरा इला, तिसरा इला, आणि शेवटाक कौन्सिलची एक बाई दाराक येवन उभी! भाचो घाबारलो, तेका वाटला व्हिसाचीच मानसा इली. ती बिचारी नाव विचारून गेली. चेडवाक सांगा, पत्र टाकू नको.

वकिली चष्मा

जरा जपून. राज्यघटनेच्या कलम 9 नुसार परदेशाशी निष्ठा जोडली की भारताचं नागरिकत्व संपुष्टात येतं. मतदान ही निष्ठाच झाली. माझा सल्ला: दंड भरा, मत देऊ नका.

वेळणेश्वरची माई

वकीलसाहेब, दंड भरायचा सल्ला फुकट देताय म्हणून ठीक आहे. कलम 9 मध्ये निष्ठा हा शब्दच नाही. परदेशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं तर, एवढंच तिथे आहे. पुढचं सगळं 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात येतं, आणि त्यातही मतदानाचं नाव नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला तर भारताचा जातो. चिठ्ठीवर फुली मारून जात नाही.

भाऊ, आता तुमच्याशी बोलते. मी लंडनच्या एका बरोच्या (म्हणजे शहराच्या एका विभागाच्या) कौन्सिलात मतदार नोंदणीच्या टेबलावर नोकरी केली, निवृत्त होऊन आता वेळणेश्वरला सुपाऱ्या मोजत बसले आहे. पासपोर्ट शेवटपर्यंत भारताचाच ठेवला आणि तिथे मतही देत आले. तुमच्या लेकीला आलेलं पत्र मी हजारोंनी लिफाफ्यात घातलं आहे.

पत्र खरं असायला हरकत नाही. तिथे राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ, त्यात भारतही आला) देशाचा नागरिक, वैध व्हिसावर राहत असला तर मतदार होऊ शकतो. नगरपालिकेलाच नाही, थेट पार्लमेंटच्या निवडणुकीलाही. नर्स असो, विद्यार्थी असो, कालच विमानातून उतरलेला असो. जर्मन माणूस तिथे तीस वर्षं कर भरत असला तरी त्याला पार्लमेंटसाठी मत नाही, आणि आपल्या चिपळूणच्या पोरीला आहे. खरं-खोटं करायची खूण सोपी: नोंदणीला एक पैसाही लागत नाही. कुणी फी मागितली किंवा बँकेचे तपशील विचारले तर तो चोर. तिने पत्रातल्या दुव्यावर जाऊच नये, सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळावर स्वतः जाऊन अर्ज भरावा. नॅशनल इन्शुरन्स नंबर (काम करणाऱ्याला मिळतो तो सरकारी क्रमांक) जवळ ठेवावा. पाच मिनिटांचं काम आहे.

एका गोष्टीत मात्र तिला बजावा. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात इंडियन असंच लिहायचं. घाईत ब्रिटिश निवडणारी मुलं मी पाहिली आहेत. मत दिल्याने व्हिसाला काही होत नाही, पण नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिथे तुरुंगापर्यंत जाणारा गुन्हा आहे.

दंडाचं म्हणाल तर तो अगदी शेवटी येतो. आधी पत्र, मग स्मरणपत्रं, मग माणूस दारात, म्हणजे मालवणी भावांच्या भाच्याकडे आली तशी बाई. ते काम मीही केलं आहे. पावसात छत्री उलटी होते, आत टीव्ही चालू असतो आणि दार कुणी उघडत नाही.

वाहक (निवृत्त), चिपळूण आगार

माई, जीव भांड्यात पडला. पण इथल्या यादीचं काय? तिचं नाव आमच्या चिपळूणच्या यादीत आहे, मी दर निवडणुकीला बघतो. आणि तिकडे मत द्यायला जाताना तिच्याकडे आधार कार्ड चालेल का? दुसरं ओळखपत्र असं तिच्याकडे नाही.

वेळणेश्वरची माई

आधार नाही चालत. भारताचा पासपोर्ट चालतो! 2023 च्या मे महिन्यापासून इंग्लंडात मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. तोवर नुसतं नाव आणि पत्ता सांगितला की चिठ्ठी हातात. नव्या नियमात राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट धरले आहेत. घरी येणारं मतदार कार्ड बरोबर नसलं तरी चालतं, पासपोर्ट मात्र विसरायचा नाही.

इथल्या यादीचा आणि तिथल्या यादीचा काही संबंध नाही. आपल्या कायद्यात दोन मतदारसंघांत नाव असायला बंदी आहे, ती भारतातल्या मतदारसंघांची. पण ती कायमची तिकडेच राहणार असेल तर नियमाने तिने फॉर्म 6अ भरून अनिवासी मतदार म्हणून नोंद करून घ्यावी, पासपोर्टवरच्या चिपळूणच्या पत्त्यावर. कुणी हरकत घेतली तर साध्या नोंदीवरचं नाव निघू शकतं, 6अ वर राहतं. मत द्यायला तिला स्वतः यावं लागेल, मूळ पासपोर्ट घेऊन. अनिवासींना प्रतिनिधीमार्फत मत देता यावं म्हणून 2018 साली लोकसभेने विधेयक मंजूर केलं होतं, राज्यसभेत ते अडकलं आणि 2019 ला लोकसभेबरोबर संपलं. तिकडे मात्र पोस्टाने मत देता येतं, किंवा दुसऱ्याला आपल्या जागी पाठवता येतं. रात्रपाळीच्या मुलीने पोस्टाचंच घ्यावं.

सातबाऱ्याला धक्का नाही, चुलत्यांना सांगा. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली राहते.

भाट्याची खाडी

माई, विषय निघालाच आहे तर विचारतो. मी रत्नागिरीला प्राथमिक शिक्षक, दर निवडणुकीला ड्यूटी माझ्या नशिबी. तिथे निवडणूक घेतं कोण? शिक्षकांनाच धरतात का? आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांनी आपल्याला मत का ठेवलं असेल, हे कोडं सुटत नाही.

वेळणेश्वरची माई

गुरुजी, तिथे शिक्षकांना कुणी धरत नाही, शाळेच्या खोल्या तेवढ्या घेतात! निवडणूक घेते ती कौन्सिल. आपल्यासारखा दिल्लीहून सूत्रं हलवणारा आयोग नाही. इलेक्टोरल कमिशन आहे, पण ते नियम समजावतं, पक्षांचे हिशेब तपासतं. मतपेट्या, छपाई, मोजणी हे सगळं त्या त्या कौन्सिलचा निवडणूक अधिकारी बघतो. केंद्रावरची माणसं अर्ज करून आलेली, दिवसाचा मेहनताना घेणारी. मतदान बहुतेक वेळा गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10. मी पहाटेच चर्चच्या हॉलमध्ये हजर असायची. कुठे पबमध्ये केंद्र असतं, कुठे रस्त्याकडेच्या कॅराव्हॅनमध्ये. फळ्यांचं मतदानघर आणि आत दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. पेन्सिल का, खोडून टाकाल की, असं दर वेळी कुणीतरी भांडायचं. स्वतःचं पेन आणलं तरी चालतं. बोटाला शाई नाही. लोक कुत्री घेऊन येतात, दाराशी बांधतात, आणि त्या दिवशी पेपरांत उमेदवारांपेक्षा कुत्र्यांचे फोटो जास्त असतात.

रात्री 10 ला पेटीला सील लावायचं आणि केंद्राध्यक्षाने ती स्वतःच्या गाडीत घालून मोजणीच्या हॉलवर न्यायची. पुढेमागे पोलिसांची गाडी नाही. भाऊ, तुमच्या एस.टी.ने इथे मतदान यंत्रं पोचवताना किती बंदोबस्त असतो ते आठवा. पहिल्यांदा तसं नेलं तेव्हा दर सिग्नलला मी मागच्या सीटकडे वळून बघत होते. मोजणी हाताने, त्याच रात्री. 2024 मध्ये 4 जुलैला मतदान झालं, आणि 5 तारखेला दुपारी पंतप्रधान सुनक जाऊन नवे पंतप्रधान स्टार्मर डाउनिंग स्ट्रीटवर उभे. आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलच्या 19 ला सुरू झालेलं मतदान 1 जूनला संपलं आणि मोजणी 4 जूनला. देशाचा आकार बघता तुलना अन्यायाची आहे, पण तिथला वेग अंगावर येतो.

गुप्ततेबद्दल एक गोष्ट बऱ्याच ब्रिटिशांनाही माहीत नसते. प्रत्येक मतपत्रिकेमागे क्रमांक असतो, आणि कुणाला कुठला क्रमांक दिला त्याची यादी केंद्रावर लिहितात. म्हणजे कोर्टाने हुकूम दिला तर कुणी कुणाला मत दिलं ते शोधता येतं. सगळे कागद सीलबंद करून वर्षभर ठेवतात आणि मग नष्ट करतात. मला ते कधीच पटलं नाही.

मत का ठेवलं? ठेवलं म्हणण्यापेक्षा काढलं नाही. साम्राज्यात आपण सगळे ब्रिटिश प्रजाजन, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रजाजनाला मत होतंच. म्हणून तर दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून गेले, मोजणीत अवघ्या 5 मतांनी. स्वातंत्र्यानंतर 1949 ला भारताने प्रजासत्ताक होणार असूनही राष्ट्रकुलात राहायचं ठरवलं, आणि त्यांच्या 1948 च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलाच्या नागरिकाला प्रजाजनाच्या बरोबरीनेच धरलं होतं. पुढे प्रवेशाचे नियम घट्ट झाले, व्हिसा आले, मताचा हक्क मात्र कायद्याच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला. 2008 मध्ये लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या अहवालाने तो हळूहळू बंद करावा असं सुचवलं, कुणी हात घातला नाही. हा उदारपणा आहे असं मला वाटत नाही. जुन्या वाड्यात एखादी खोली कुणाच्या नावावर आहे हे वाटणीत लिहायचंच राहून जातं, तसा प्रकार.

त्याचा चमत्कार मी 2016 ला बघितला, ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही याच्या सार्वमताला. मतदार कोण, तर पार्लमेंटच्या निवडणुकीचे. म्हणजे आपल्याला मत, आयरिशांना मत, माल्टा-सायप्रसवाल्यांना राष्ट्रकुलामुळे मत. बाकी युरोपला नाही. आमच्या कार्यालयात शेजारी एक फ्रेंच बाई बसायची. नवरा इंग्रज, मुलं तिथेच वाढलेली. यादीत अशा लोकांच्या नावापुढे एक अक्षर छापलेलं असतं, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीपुरते. तिचं नाव त्या अक्षरासकट तिनेच तपासलं, छपाईला दिलं. जिच्या राहण्याचा प्रश्न होता ती गप्प, आणि गुहागर तालुक्यातली मी तिच्या वतीने ठरवायला मोकळी. मी काय मत दिलं ते सांगणार नाही, पण डब्यातली भाकरी त्या दिवशी घशाखाली उतरली नाही. 51.9 विरुद्ध 48.1 टक्के, बाहेर पडण्याच्या बाजूने निकाल लागला. तिने पुढच्याच महिन्यात नागरिकत्वाचा अर्ज केला.

वकिली चष्मा

कलम 9 पुन्हा वाचलं. माईंचं बरोबर आहे. पण मग ही मुलगी तिथे उभीही राहू शकते का?

वेळणेश्वरची माई

आत्ता नाही. उमेदवारीसाठी व्हिसाची मुदतच नको, कायमस्वरूपी राहण्याची परवानगी लागते. ती मिळाली की भारतीय पासपोर्टवरही पार्लमेंटला उभं राहता येतं. मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या आणि 500 पौंड अनामत. 5 टक्के मतं मिळाली नाहीत तर ती जप्त.

लेस्टरला उभं राहणं मात्र सोपं नाही. 2024 ला देशभर हुजूर पक्षाचं पानिपत झालं, फक्त 121 जागा उरल्या, आणि मजूर पक्षाकडून त्यांनी एकच जागा हिसकावली ती लेस्टर ईस्ट.

वाहक (निवृत्त), चिपळूण आगार

माई, लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिने बसल्या बसल्या फॉर्म भरायला घेतला. शेवटी एक प्रश्न आला, तिथे थांबली आहे. ओपन रजिस्टरमध्ये नाव हवं की नको असं काहीतरी. व्हिडिओ कॉल चालू आहे, काय टिचकी मारू विचारते.

वेळणेश्वरची माई

नको म्हणायचं. ती यादी कुणालाही विकत मिळते, जाहिरातवाल्यांनाही. मूळ यादीत नाव राहतंच, आणि बँका कर्ज देताना, मोबाइल कंपन्या करार करताना पत तपासणाऱ्या कंपन्यांकडून तीच तपासून घेतात. घरमालकाने पत तपासायला घेतली तर तिथेही उपयोग होईल. पोस्टाच्या मताचा अर्ज वेगळा असतो, तो आजच करून टाकायला सांगा. त्यात सही लागते. तीच सही लक्षात ठेवायची, मत पाठवताना जुळली नाही तर बाद करतात.