समुद्राचं आम्लीकरण: क्षारता, अल्कता की सामू?

प्रश्न: उष्णकटिबंधातल्या किनारी पाण्याच्या रसायनावर मराठीत अहवाल लिहिते आहे. मसुद्यात "कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राची क्षारता घटते आहे" असं वाक्य आहे. ते वाचून एकांनी विचारलं, "म्हणजे पाणी गोडं होतंय का?" मग कोणता शब्द घ्यावा? शिवाय आम्लीकरण म्हणू की आम्लीभवन? समुद्र काही आम्ल झालेला नाही.

उत्तर: विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. घोळ 'क्षार' या शब्दातच आहे. शालेय पुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी असते. तिथे क्षार म्हणजे मिठासारखा पदार्थ. मराठी विश्वकोशात मात्र अम्ल, क्षारक आणि लवण अशी त्रयी आहे, म्हणजे तिथला क्षार आम्लाच्या विरुद्ध बाजूचा. शिवाय 'क्षारपड जमीन' रोजच्या बोलण्यात असल्यामुळे बहुतेकांना क्षारता म्हटलं की खारटपणाच आठवतो. म्हणून समुद्राबद्दल लिहिताना 'क्षारता' अजिबात वापरू नये असं माझं ठाम मत आहे. मिठाच्या प्रमाणाला लवणता म्हणा, अल्कलिनिटीला अल्कता आणि पीएचला सामू. 'सामू' माती परीक्षणामुळे सगळीकडे पोचलेला आहे, त्याला वेगळी ओळख लागत नाही.

पण नुसता शब्द बदलून तुमचं वाक्य सुधारणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की सामू उतरतो, अल्कता मात्र आहे तेवढीच राहते. विरघळलेल्या वायूचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि त्यांतले बरेचसे कार्बोनेटला चिकटून बायकार्बोनेट बनतं. आम्ल शोषून घ्यायची पाण्याची एकूण ताकद म्हणजे अल्कता. या अदलाबदलीत एक कार्बोनेट जातं आणि त्या जागी दोन बायकार्बोनेट येतात, त्यामुळे बेरीज तीच राहते. अल्कता खरोखर घटते ती प्रवाळ आणि शिंपले चुना बांधतात तेव्हा, किंवा नदीचं कमी अल्कतेचं पाणी येऊन मिसळतं तेव्हा. किनाऱ्यावर ही सगळी कारणं एकाच वेळी हजर असतात. तिथे सामू आणि अल्कता एकमेकांच्या जागी वापरले, तर बदल हवेमुळे झाला, प्रवाळामुळे की पुरामुळे, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

'आम्लीकरण'च ठेवा. बाष्पीभवन आपसूक होतं म्हणून तिथे भवन, हे खरं. पण शहरीकरणही कुणी एक जण करत नाही, तरी ते करणच आहे. इथे तर कर्ता माणूस आहे, हवेत दशलक्ष भागांमागे २८० असलेला कार्बन डायऑक्साइड ४२० च्या वर त्यानेच नेला. 'ओशन ॲसिडिफिकेशन' ही इंग्रजी संज्ञा केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट या शास्त्रज्ञांच्या २००३ च्या लेखानंतर रुळली. तिचाही अर्थ 'आम्लाच्या दिशेने सरकणं' एवढाच आहे. पृष्ठभागाचा सरासरी सामू औद्योगिक काळाआधी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. उदासीन पाण्याचा ७. फरक ०.१ चाच दिसतो, पण श्रेणी लॉगरिदमची (सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दसपट) असल्यामुळे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. हे वाक्य अहवालात जरूर घाला, नाहीतर ०.१ वाचून कुणीही पुढचं पान उलटेल.

प्रश्न: आभारी आहे. "प्रवाळ विरघळू लागले आहेत" हे चालेल? आणि पहाटेपेक्षा दुपारी सामू कितीतरी जास्त येतो, तो फरकही आम्लीकरणातच धरायचा का?

उत्तर: सरसकट 'विरघळू लागले' नको. प्रवाळाचा सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे चुन्याच्या एका प्रकारचा असतो आणि उष्णकटिबंधातलं पृष्ठभागाचं पाणी ॲरागोनाइटच्या बाबतीत अजूनही अतिसंपृक्त आहे, म्हणजे मावेल त्याहून जास्तच त्यात विरघळलेलं आहे. संपृक्तता १ च्या खाली गेली की उघडा चुना विरघळू लागतो. इथे ती साधारण ३ ते ४ असते. थंड ध्रुवीय पाण्यात ती आधी १ पर्यंत उतरते. उष्ण समुद्रात मुख्य अडचण वेगळी आहे: संपृक्तता जसजशी उतरते तसतसं चुना बांधायला प्रवाळाला जास्त ऊर्जा लागते आणि बांधणी मंदावते. "बांधणी मंदावते" हेच लिहा. तळाच्या गाळातल्या फटींमधलं पाणी मात्र बरंच आम्लाकडे झुकलेलं असतं, तिथला चुना विरघळतो. त्या जागी 'विरघळतो' बिनधास्त वापरा.

दिवसरात्रीच्या फरकाला 'चढउतार' म्हणा, आम्लीकरण नव्हे. दिवसा शेवाळ आणि सागरी गवत कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, सामू चढतो. रात्री सगळ्यांचं श्वसन चालूच असतं, तो उतरतो. उथळ प्रवाळ खडकावर हा फरक एका दिवसात कित्येक दशांश असू शकतो. खुल्या समुद्रातली घट दशकाला साधारण ०.०२ आहे. एका दुपारच्या बाटलीवरून आम्लीकरण सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यापुढे वेळ आणि भरती-ओहोटी लिहाच.

बाटली कशी भरली तेही एका ओळीत सांगा: नळी तळापर्यंत सोडून, पाणी वरून वाहू देऊन, बुडबुडा न ठेवता. मग मर्क्युरिक क्लोराइड या विषाचे थेंब टाकून बूच घट्ट लावतात. ते घातलं नाही तर बाटलीतले जीव श्वास घेत राहतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सामू उतरलेला असतो.

आणि तक्त्यात नुसतं 'सामू' लिहू नका, कोणत्या मापनश्रेणीवरचा आणि किती तापमानाला हेही लिहा. समुद्राच्या पाण्यासाठी 'टोटल' श्रेणी वापरतात. साध्या बफरवर (सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर) जुळवलेल्या मीटरचा आकडा तिच्यापेक्षा ०.१ हून थोडा जास्तच येतो. औद्योगिक काळापासूनची सगळी घट तेवढीच आहे. दोन श्रेणींचे आकडे एकाच स्तंभात आले, तर न झालेलं आम्लीकरण दिसेल, नाहीतर झालेलं लपेल.