शिरा निळ्या दिसतात, मग रक्त लाल कसं?

दादरची_आई:
मुलगा सहावीत आहे, त्याला क्लासमध्ये कोणीतरी सांगितलंय की शिरांमधलं रक्त निळंच असतं, बाहेर हवा लागली की लाल होतं. पुस्तकातल्या चित्रातही धमन्या लाल नि शिरा निळ्या, त्यामुळे तो ऐकायलाच तयार नाही. मला पटत नाहीये पण नीट समजावताही येत नाही. कोणी सोपं करून सांगेल का प्लीज?

लॅबवाला_परळ:
ताई, माझं कामच रक्त काढायचं. सीबीसीची जांभळ्या झाकणाची ट्यूब असते ना ती व्हॅक्यूमची असते, सुई शिरेत गेली की रक्त सरळ आत खेचलं जातं, मधे हवा लागायचा प्रश्नच येत नाही, तरी ते लालच येतं, गडद मरून म्हणा. निळं कधीच नाही. मुलाची कधी टेस्ट असली तर त्याला ट्यूबकडे बघू द्या. एबीजीसाठी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजायच्या टेस्टसाठी, धमनीतून काढतात ते मात्र लालभडक असतं. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला ऑक्सिजन चिकटला की रंग उजळतो, सुटला की काळपट होतो, एवढाच फरक. आणि शिरेतलं रक्त म्हणजे ऑक्सिजन संपलेलं असंही नाही, आरामात बसलेल्या माणसाच्या शिरेत परत येतानाही साधारण ७० ते ७५ टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन असतोच.

फिजिक्स_ठाणे:
वरचं एकदम बरोबर. आता निळं का दिसतं ते. रात्री लाईट बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवायला सांगा त्याला, बोट लालेलाल दिसेल, कारण लाल प्रकाश मांसातून खोल जातो, निळा वरच्या वरच अडतो नाहीतर परत फिरतो. आता मनगटावर बघा. शिरेच्या आजूबाजूच्या कातडीतून लाल प्रकाश भरपूर परत येतो पण शिरेवर पडलेला बराचसा लाल ते रक्त गिळून टाकतं, निळा मात्र शिरेपर्यंत पोचतच नाही म्हणून दोन्हीकडून सारखाच परत येतो. म्हणजे शेजारच्यापेक्षा तिथे लाल कमी पडतो आणि आपला मेंदू त्याला निळसर ठरवतो. गव्हाळ, सावळ्या कातडीवर हीच शीर हिरवट पण दिसते. याच प्रश्नावर १९९६ मध्ये ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ जर्नलमध्ये पेपर आलाय. गंमत म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या लालच दिसतात, कारण त्या अगदी वर असतात, तिथे निळा प्रकाशसुद्धा रक्तात शोषला जातो.

वेसावकर:
मुलाला निळं रक्तच बघायचं असेल तर चिंबोरी, म्हणजे खेकडा! तिच्यात लोहाच्या हिमोग्लोबिनऐवजी तांब्याचं हिमोसायनिन असतं, ऑक्सिजन मिळाला की निळसर, नाहीतर जवळपास पाण्यासारखं.

दादरची_आई:
टॉर्चचं लगेच करून बघितलं, पटलं त्याला, आता शाळेत सगळ्यांना दाखवणार म्हणतोय. खूप थँक्यू सगळ्यांना. एक विचारू, मग आजारी माणसाचे ओठ निळे पडतात ते पण प्रकाशामुळेच का?

लॅबवाला_परळ:
नाही ताई, ते वेगळं समजा. तिथे बहुतेक वेळा रक्तात ऑक्सिजन खरंच कमी झालेला असतो, रक्त गडद होतं आणि ओठांच्या पातळ कातडीतून निळसर दिसतं. सावळ्या माणसात ओठांवरून लवकर कळत नाही, जीभ आणि ओठाची आतली बाजू बघायची. हाताची शीर निळी दिसली तर काही नाही, पण जीभ निळी वाटली, त्यात दम लागत असेल तर ऑक्सिमीटर शोधत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ कॅज्युअल्टीत न्या.