चार वर्षांच्या मुलीच्या पायाला ट्रॅक्शन – रात्री वजनाखाली स्टूल ठेवलं तर चालेल का?

रेवाची_आई
मुलगी जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. वजन चौदा किलो. चिकटपट्टीचं ट्रॅक्शन आहे, म्हणजे पायाला पट्टी चिकटवून ओढ द्यायला दीड किलो वजन टांगलंय, पलंगाच्या पायथ्याखाली विटा. डॉक्टर म्हणाले, काही दिवस असंच, मग कमरेपासून प्लास्टर. रात्री फार रडते म्हणून सासूबाई वजनाखाली स्टूल सरकवतात. चालेल का? दोन दिवस शी झालेली नाही. दुपारपासून "पायाला मुंग्या आल्यात" म्हणतेय. शेजारच्या बाळाचे दोन्ही पाय वर टांगलेत, मग हिचा एकच का?

जुनी_सिस्टर
ताई, पुढचं नंतर वाचा. आधी ड्यूटीवरच्या सिस्टरना बोलवा. मुंग्यांची तक्रार सकाळच्या राउंडपर्यंत ठेवायची नसते.

त्या येईपर्यंत दोन्ही पावलं शेजारी शेजारी बघा. दुखऱ्या पायाची बोटं फिकी, निळसर किंवा गार आहेत का? अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. मग तिला पाऊल स्वतःकडे ओढायला सांगा. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला अगदी लागून जाते. पट्टी तिथे घसरून दाबली गेली, किंवा पाय बाहेरच्या अंगाला लोळत राहिला, की आधी मुंग्या येतात, मग पाऊल वर उचलत नाही. बोटं हळूच सरळ केल्यावर ती किंचाळली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, तर डॉक्टर लगेच यायला हवेत. रडणं बदललंय हे सगळ्यांत आधी आईला कळतं, तेव्हा संकोच करू नका.

स्टूल मात्र आत्ता काढायला लावा, पण वजन एकदम सोडू नका, ते सिस्टर करतील. ओढ गेली की मांडीचे स्नायू आखडतात, हाडाची टोकं एकमेकांवर चढतात आणि पोर पुन्हा कळवळतं. वजन मोकळं लोंबायला हवं, जमिनीला नाही, पलंगाला नाही. विटाही काढायच्या नाहीत. त्यांच्यामुळेच तिचं अंग वजनाकडे घसरत नाही. रात्री रडते तर दुखण्याचं औषध वेळेवर मागून घ्या, चादर बदलायच्या अर्धा तास आधी तर नक्कीच.

दोन्ही पाय वर टांगायची पद्धत दोन वर्षांच्या आतल्या, साधारण बारा किलोपर्यंतच्या बाळांसाठी. त्याहून मोठ्या मुलाचे पाय तसे ठेवले तर रक्तपुरवठा अडू शकतो.

रेवाची_आई
सिस्टर आणि डॉक्टर येऊन गेले. पट्टी गुडघ्याखाली गोळा झाली होती. सोडून परत बांधली. आता पाऊल वर ओढतेय, मुंग्या कमी आहेत म्हणते. सासूबाईंना डॉक्टरांनीच समजावलं, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही. खूप आभार, सिस्टर.

अर्णवचा_बाबा
आमच्या मुलालाही असंच होतं. पडून पडून बद्धकोष्ठता होतेच. पाणी सारखं घोटघोट, ताक, पपई, रात्री भिजवलेले मनुके कुस्करून. तरी झालं नाही तर डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या. शीचं उथळ भांडं चांगल्या पायाच्या बाजूने सरकवायचं. आणि त्याच्यासमोर इंजेक्शनची चर्चा आम्ही बंद केली, तेव्हा तो झोपू लागला.

जुनी_सिस्टर
बरं वाटलं वाचून. तरी बोटं बघणं चालू ठेवा, रात्रीसुद्धा, ती झोपलेली असताना हात लावून. मनुके कुस्करूनच द्या. शेंगदाणे, फुटाणे आडव्या पोराला अजिबात नकोत, श्वासनलिकेत जातात. भरवताना डोकं किती उचलायचं ते सिस्टरना विचारा, घास लहान ठेवा.

टाच आणि माकडहाड रोज बघा. टाचेवर लाली दिसली तर चोळू नका, दाखवा. पट्टीच्या आत खाजलं की बायका विणायची सुई घालतात, ते करू देऊ नका, कातडी सोलवटते. चादरीखाली बिस्किटाचा चुरा राहिला तरी पाठ लाल होते, म्हणून खाऊन झालं की हात फिरवून झाडायचं. आणि तिची बाहुली तिच्याजवळ ठेवा. बाहुलीच्या पायालाही पट्टी बांधून द्या, मग सिस्टर आल्या की ती आधी बाहुलीचा पाय तपासून घेते, नंतर स्वतःचा दाखवते.