एलिट डेंजरस : टाईप-७ घेऊ की पायथनसाठी थांबू? आणि स्लॉटमध्ये शिरताना घासतंय, काय करू

रात्रपाळीचा_हमाल

मंडळी, इथे एलिट डेंजरस (अंतराळात जहाज चालवायचा, माल वाहायचा गेम) खेळणारं कोणी आहे का? यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून डोकं बधीर झालंय, प्रत्येक जण म्हणतो तासाला इतके कोटी कमवा आणि शेवटी कळतं की त्याच्याकडे कटरसारखं भलंमोठं महागडं जहाज आहे.

माझी परिस्थिती अशी. साईडवाइंडर या सुरुवातीच्या जहाजापासून सुरुवात केली, आधी कुरिअर मिशनं केली, मग टाईप-६ हे मालवाहू जहाज घेतलं. आता माल वाहतोय, खिशात २ कोटी ३० लाख क्रेडिट आहेत. शिपयार्डात टाईप-७ पावणेदोन कोटीला दिसतंय आणि त्यात ३०० टन माल मावतो म्हणे, म्हणजे आत्ताच्या जवळपास तिप्पट. पायथन ५ कोटी ७० लाखाचं आहे, त्यातही साधारण तेवढाच माल जातो, मग तीन पट पैसे कशासाठी मोजायचे हेच कळत नाहीये.

दुसरा प्रश्न डॉकिंगचा. आत्तापर्यंत डॉकिंग कॉम्प्युटर (जहाज आपोआप स्टेशनात उतरवणारा) लावून आरामात बसत होतो पण कोणीतरी सांगितलं की तो काढून तिथे कार्गो रॅक टाक, म्हणून हाताने करायला गेलो तर कोरिओलिसच्या (फिरत्या स्टेशनच्या) स्लॉटमध्ये, म्हणजे दारात, दर वेळी कुठेतरी घासतंच. परवा आतून एक टाईप-९ बाहेर येत होतं, त्याच्या नाकावरच जाऊन आदळलो, वर स्टेशनवाली बाई दंड ठोकते ते वेगळंच.

आणि तिसरं म्हणजे इनारावर (बाजारभाव दाखवणाऱ्या वेबसाईटवर) एक रूट दिसतोय, टनामागे २८ हजार नफा, पण स्टेशन ताऱ्यापासून ९० हजार लाईट-सेकंद लांब आहे. जाऊ का? सध्या जो करतोय त्यात २० हजार सुटतात पण स्टेशन अगदी जवळ आहे.

हिशेबी_कमांडर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सुटला की बाकीचं आपोआप सुटतं.

टनामागे नफा बघणं सोड, तासामागे बघ. समज तुझ्या जहाजात १०० टन माल आहे. जवळच्या स्टेशनवर २० हजार म्हणजे फेरीला २० लाख, आणि माल भरणं, जंप (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी), सुपरक्रूझ (ताऱ्यापासून स्टेशनपर्यंतचा वेगवान प्रवास), डॉकिंग सगळं धरून १२ मिनिटं लागतात असं धर. तासाला पाच फेऱ्या, १ कोटी. आता तो लांबचा रूट, फेरीला २८ लाख, पण ९० हजार लाईट-सेकंद कापायला सुपरक्रूझमध्येच वरची आठ-दहा मिनिटं जातात, म्हणजे फेरी २१-२२ मिनिटांवर गेली. तासाला पावणेतीन फेऱ्या, ८० लाखाच्या आत. जास्त नफ्याचा रूट घेऊन तू दर तासाला २० लाख घालवणार.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अल्फा सेंटॉरीतलं हटन ऑर्बिटल. मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष लांब, साध्या ड्राइव्हने तासाच्या वर नुसतं सरळ रेषेत बघत बसायचं. नवीन पोरांना तिथे अ‍ॅनाकोंडा हे मोठं महागडं जहाज फुकट मिळतं असं सांगून पाठवायची या गेममध्ये जुनी पद्धत आहे. कोणी सांगितलं तर जाऊ नकोस. म्हणजे एकदा गेलास तरी हरकत नाही, तिथला 'हटन मग' (कॉफीचा मग) रेअर माल म्हणून मिळतो, पण धंदा म्हणून नको.

इनारावर शोधतानाच स्टेशनचं अंतर १००० किंवा फार तर २००० लाईट-सेकंदांवर बांधून टाक, पॅडचा (जहाज उतरायच्या जागेचा) साईज निवड आणि भाव किती जुना चालेल तेही टाक. ते भाव तुझ्यामाझ्यासारख्यांनीच पाठवलेले असतात, कोणीतरी मार्केट कनेक्टर (भाव पाठवणारा छोटा प्रोग्राम) चालू ठेवून तिथे डॉक केलं की भाव अपडेट होतो. तीन दिवस जुना भाव असेल आणि मधल्या वेळात दहा जणांनी तिथेच माल ओतला असेल तर तू पोचेपर्यंत डिमांड संपलेली असते. आणि परतीला रिकामा येऊ नकोस. खाणीच्या स्टेशनवरून बर्ट्रांडाइट, इंडाइट ही खनिजं उचलून रिफायनरीत टाकायचं आणि तिथून धातू घेऊन हाय-टेक किंवा इंडस्ट्रियल स्टेशनला, असं काहीतरी जुळव की दोन्हीकडून पोट भरलेलं पाहिजे.

आता टाईप-७. तुझे २ कोटी ३० लाख, त्यातून पावणेदोन गेले, राहिले ५५ लाख. स्टॉक ड्राइव्हवर भरलेलं टाईप-७ दोन पावलंही उडी मारत नाही, ए-रेटेड (सगळ्यात वरच्या दर्जाचा) एफएसडी, म्हणजे जंप मारणारा ड्राइव्ह, घालायचा तर तोच ५१ लाखाचा. राहिले ४ लाख. आणि ३०० टन सोन्यासारखा माल भरायचा तर टनाला ४०-४५ हजार धरून सव्वा कोटीच्या वर भांडवल हवं. ते कुठून आणणार? वर रीबाय, म्हणजे जहाज फुटलं तर किमतीच्या ५ टक्के भरायचे, आणि मालाला विमा नसतो हे विसरू नकोस, जहाज परत मिळेल पण आतलं सोनं गेलं ते गेलं. जहाज घेऊन खिसा मोकळा झालेला माणूस या गेममधला सगळ्यात हतबल माणूस असतो. टाईप-६ वरच अजून चालव, ४-५ कोटी होऊ दे, मग बोलू.

कोकणातली_कॉस्मोनॉट

हिशेब बरोबर आहे पण पॅडचं कोणी बोललंच नाही, पायथनचे तीन पट पैसे तिथेच जातात. टाईप-७ ला लार्ज पॅड लागतो. तेही रुंदीमुळे नाही, त्याची उंची जास्त आहे म्हणून मीडियमवर बसत नाही, यावर लोक २०१४ पासून कुरकुर करताहेत. पायथन मीडियम पॅडवर बसतं. आउटपोस्टवर (छोट्या स्टेशनांवर) लार्ज पॅड नसतातच, त्यामुळे टाईप-७ वाल्याला ती सगळी बाजारपेठ बंद. पायथनवाला कुठेही उतरतो आणि कोणी मागे लागलंच तर चार गोळ्या परत झाडू शकतो.

पण खरं सांगू का, आता दोन्ही घेऊ नकोस. २०२४ मध्ये टाईप-८ आलंय, मीडियम पॅडवर बसतं आणि चारशे टनांच्या आसपास माल घेतं. शिवाय त्याच वर्षी सुपरक्रूझ ओव्हरचार्जवाले (सुपरक्रूझमध्ये जास्तीचा वेग देणारे) ड्राइव्ह आले ना, ते टाईप-८ ला व्यवस्थित मानवतात. जुन्या जहाजांना ते बसवता येतात पण ओव्हरचार्ज मारला की नाक इकडेतिकडे हलतं, जहाज तापतं आणि इंधन ढसाढसा जातं. मी टाईप-६ विकलं ते थेट टाईप-८ साठीच.

आता डॉकिंग. तुला घासतंय ते बहुतेक तू तिरका येतोस म्हणून. सुपरक्रूझमधून बाहेर पडलास की समोर जी बाजू दिसेल तिकडून तसाच आत घुसायला बघतोस, बरोबर? त्याऐवजी आधी थांब. कोरिओलिस, ऑर्बिस, ओसेलस, ग्रहाभोवती फिरणाऱ्या या सगळ्या स्टेशनांचा स्लॉट ग्रहाच्या दिशेला तोंड करून असतो. म्हणून सुपरक्रूझमध्ये असतानाच थोडा वळसा घालून ग्रहाच्या बाजूने स्टेशनकडे ये, म्हणजे बाहेर पडल्यावर दरवाजा समोरच. पुढे डाव्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर परवानगी माग, त्याआधी मागितलीस तर ती नाहीच म्हणणार. पॅड नंबर मिळाला की स्लॉटच्या अगदी समोर, मधल्या रेषेवर येऊन उभा राहा आणि तिथूनच रोल (जहाजाचं स्वतःभोवती फिरणं) स्टेशनच्या फिरण्याशी जुळवून घे. जवळ जाऊन रोल करायला लागलास की हमखास कडेला लागतो.

आणि ते टाईप-९ चं. स्लॉटच्या एका बाजूला हिरवे दिवे असतात, एका बाजूला लाल. आत जाताना हिरवा तुझ्या उजव्या हाताला पाहिजे, बाहेर येणाऱ्यालाही हिरवा त्याच्या उजव्या हातालाच. म्हणजे वाहतूक उजवीकडून. आपल्याला रस्त्यावर डावी बाजू धरायची सवय, म्हणून हात नकळत डावीकडे ओढतो आणि समोरचा धडकतो. पहिले काही दिवस मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याला हिरवी टिकली चिकटवून ठेवली होती, घरचे हसायचे.

वेग शंभरच्या खाली ठेव, पण उगाच वीसवर रांगत जाऊ नकोस, स्टेशन फिरत असतं, जितका वेळ तू दारात रेंगाळशील तितका रोल बिघडतो. ऐंशी-नव्वदने सरळ आत. आत गेल्यावर रोटेशनल करेक्शन चालू असेल तर जहाज स्टेशनबरोबर फिरतं, मग गिअर खाली आणि पॅडवर. रोटेशनल करेक्शन बंद तर नाही ना ते उजव्या पॅनेलमध्ये एकदा बघून घे.

रात्रपाळीचा_हमाल

ताई, ग्रहाच्या बाजूने यायचं हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं!! आत्ता लगेच करून आलो, बाहेर पडलो तर खरंच दार समोर. टिकलीचं मात्र अवघड आहे, मॉनिटर कंपनीचा आहे.

टाईप-८ बद्दल माहीत नव्हतं, बघतो. पण मग डॉकिंग कॉम्प्युटर काढू की ठेवू?

जुना_बीबीसीवाला

ठेव. कोणी काढायला सांगितला त्याला विचार की किती टन वाचले. तो एक नंबरच्या स्लॉटमध्ये बसतो, तिथे रॅक टाकली तर २ टन माल मावतो. तुझ्या २० हजाराच्या हिशेबाने फेरीला ४० हजार, आणि एकदा दारात आपटून शील्ड गेलं, हल (जहाजाचा सांगाडा) घासला, दुरुस्ती केली की त्यातले किती उरतील?

माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही पण सांगतो. १९८४ साली ब्रॅबन आणि बेल यांनी बीबीसी मायक्रोवर पहिला एलिट आणला तेव्हाही हाच प्रकार होता, लेव्ह या ग्रहापासून सुरुवात, फिरतं कोरिओलिस, रोल जुळवा नाहीतर मरा, आणि पैसे साठले की लोक पहिली वस्तू कुठली घ्यायचे तर डॉकिंग कॉम्प्युटर. चाळीस वर्षं झाली, त्यात काही कमीपणा नाही. हा कॉम्प्युटर कुठे नडतो ते मात्र माहीत असू दे. थ्रॉटल पूर्ण शून्यावर आणल्याशिवाय तो सुरूच होत नाही, ज्यांच्याकडे वेगळा थ्रॉटल आहे त्यांचा तो केसभर पुढे राहिला तरी नुसतं बसून राहायचं. आणि गर्दी असली की तो दारासमोर घुटमळत बसतो. म्हणून हाताने करता यायलाच हवं, रोज करायलाच हवं असं नाही. सराव करायचा तर रिकाम्या जहाजाने कर.

हिशेबी_कमांडर

काका, इथे मी तुमच्याशी भांडणार. २ टनांचा प्रश्नच नाहीये, वेळेचा आहे. हाताने नीट करणारा माणूस कॉम्प्युटरपेक्षा प्रत्येक फेरीला निदान मिनिटभर वाचवतो, कारण कॉम्प्युटर लांबून हळूहळू येतो आणि आपण दारापर्यंत बूस्ट मारत जाऊ शकतो. तासाला पाच फेऱ्या, दोन्ही टोकांना डॉकिंग, काढा गुणाकार.

जुना_बीबीसीवाला

गुणाकार काढला. तेवढ्या वेळात माझा चहा होतो.

भावा_सबमिट_कर

भावांनो सगळं सांगितलं पण मेन गोष्ट राहिली, मोठं जहाज घेतलं की मधेच अडवणारे येणार. इंटरडिक्शन (सुपरक्रूझमधून कोणी खेचून बाहेर काढणं) लागलं की सुटकेसाठी दिसणाऱ्या त्या निळ्या गोलाच्या मागे लागायचं नाही, भरलेलं मालवाहू जहाज बैलगाडीसारखं वळतं, तू हरणारच आणि हरलास की जहाज गरगरा फिरतं आणि ड्राइव्ह थंड व्हायला जास्त वेळ घेतो. सरळ थ्रॉटल शून्य, सबमिट कर, म्हणजे शरण जा. बाहेर पडल्या पडल्या पॉवर सिस्टीम (म्हणजे शील्ड) आणि इंजिनला दे, बूस्ट मार, आणि शेजारची कुठलीही तारा-सिस्टीम टार्गेट करून तिकडे जंप. त्याच सिस्टीममध्ये परत सुपरक्रूझ मारायला गेलास तर समोरचं मोठं जहाज तुला मास लॉक करून ठेवतं, म्हणजे जवळ असल्यामुळे तुझा ड्राइव्ह हळू चार्ज होतो, दुसऱ्या सिस्टीमच्या जंपला मास लॉक लागत नाही. हे एवढं पाठ कर, एनपीसी (गेमच चालवतो ती जहाजं) तुझं काही वाकडं करू शकत नाही.

आणि शील्ड काढून तिथे रॅक टाकायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नकोस. तू आत्ता दारात घासतोयस ना, शील्डशिवाय तेच घासणं थेट हलवर येतं. माणसं मारायला बसलेली असतात त्यांचं टेन्शन असेल तर सोलोमध्ये खेळ, भाव तेच, बाजार तोच, फक्त दुसरे कमांडर दिसत नाहीत.

रात्रपाळीचा_हमाल

सोलोमध्येच आहे, आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही त्यामुळे ओपनमध्ये जायची हिंमतच होत नाही. त्यावरून आठवलं, डॉकिंग करताना मधेच लाईट गेली तर माल जातो का?

कोकणातली_कॉस्मोनॉट

नाही जात. परत लॉगिन केलंस की स्टेशनच्या बाहेर तरंगत असतोस, माल जागेवर, फक्त परवानगी परत मागायची. आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचंच. राऊटरला छोटा यूपीएस लावून टाक मात्र, लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू आणि नेट गायब ही सगळ्यात चिडचिड करणारी गोष्ट.

रात्रपाळीचा_हमाल

ठरलं मग. टाईप-६ वर ५ कोटी होईपर्यंत थांबतो, ९० हजारवाला रूट रद्द, कॉम्प्युटर परत बसवतो पण रिकाम्या फेरीला हाताने. हिशेबी दादा, तुमच्या त्या खाण-रिफायनरीवाल्या लूपमध्ये दोन सिस्टीममधलं अंतर किती धरू? भरलेलं असताना माझं जंप १४ लाईट-इयरच्या पुढे जात नाही.

हिशेबी_कमांडर

मग १४ च्या आतच शोध, एका जंपमध्ये जाणारी जोडी. दुसरा जंप आला की मध्ये ताऱ्याजवळून वळसा आणि ड्राइव्ह परत चार्ज, मिनिटभर गेलंच. आधी एफएसडी ए-रेटेड आहे का ते सांग. नसेल तर कालच्या कमाईतून तोच पहिला घे.