आजोबांची मॉरिस पार्किंगमध्ये आणतोय, सुरुवात कुठून करू?

सी-402: नमस्कार मंडळी. महाल भागातला वाडा रिकामा करून राहिलो. आजोबांची 1955 ची मॉरिस मायनर गाडी, कापडी हूडवाली, आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणायची आहे. बरीच वर्षं बंद आहे. डेंटर म्हणतो, आधी रंग खरवडून प्रायमर मारू, दिवाळीपर्यंत चमकवून देतो. देऊ का त्याच्याकडे?

ए-203: अरे, रंगाला आत्ता हात लावू देऊ नको. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच उचलते. पत्र्याचा टप असला की त्याचाही आधार मिळतो. हूडवालीत तो नाही, म्हणून कंपनीनं दाराखालच्या फुटबोर्डात आतून जादा पत्रा दिला आहे. तो सडला की गाडी मधून बसते.

सी-402: बाहेरून तर फुटबोर्ड चांगला दिसतो काका.

ए-203: बाहेरचं सोड, आतलं बघ. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात रबर तडकतं, हूड फाटतं, मग पावसाचं पाणी फ्लोअरवरच साचून राहतं. मॅटिंग काढ. फ्लोअर फुटबोर्डाला जिथं मिळतो तिथं जुना पेचकस दाबून बघ. सडलेल्या पत्र्यात तो सरळ आत जातो. मागचे कमानपाटे बॉडीला धरतात ती जागाही तशीच तपास. चुंबक फिरव, पुट्टीवर तो धरत नाही.

आणि दारं लावून फट बघ. वर बुजलेली, खाली मोकळी, म्हणजे गाडी मधून बसली. मग डेंटरला बजावून सांग, दोन्ही फुटबोर्ड एकदम कापायचे नाहीत. आधी दाराच्या चौकटीत पाइपाचा आडवा आधार वेल्ड करायचा, एक बाजू पूर्ण झाली की दुसरी. हे चुकलं तर दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे, इथं घाई नको.

बी-301: बॅटरी लावून एकदा सुरू तर करून बघा ना, जीव आहे का ते कळेल.

ए-203: नको भाऊ. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, आजच्या गाड्यांच्या उलटा. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग पुढून हँडलनं हळूच फिरवा. अडलं तर जोर लावू नका. मूळ इंजिन असेल तर ते 803 सीसीचं, साधं आहे, पार्ट्स इंग्लंडहून अजूनही मिळतात. ब्रेकचं काम मात्र इंजिन सुरू होण्याच्या आधी. त्याचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकला तेल ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअरखाली आहे, तिथंही गंज पोहोचतो.

बी-104: गाडी येऊ दे बाळा, आनंदच आहे. पण आमच्या खिडकीखाली वेल्डिंग नको. घरात लहान मूल आहे.

सचिव: काकूंचं बरोबर आहे. वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंगाचा फवारा आवारात नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल वाड्यावरच काढायचं. खोलणं, मोजणं, साफसफाई तुमच्या जागेत करा.

ए-501: कागदपत्रांकडेही बघ. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण बॉडी-इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोज वापरायलाही परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

सी-402: रोज ऑफिसला न्यायची नव्हतीच. आजीला तिच्यात बसवून एखाद्या रॅलीत न्यायचं आहे. डेंटरला थांबायला सांगितलं. आजोबांचं आरसी बुक कपाटात असेल, आईला शोधायला लावतो.

ए-203: फार छान. आणि खोलताना प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून. हूडची लोखंडी कमान फेकू नको, कापड नवीन शिवता येतं, कमान सहज मिळत नाही. रविवारी सकाळी टॉर्च घेऊन वाड्यावर येतो, फ्लोअर दोघं मिळून बघू.