७३०० दिवस म्हणजे बरोबर २० वर्षं? मला पटत नाही

रत्नागिरीकर:
भाचीच्या पाचवीच्या वहीत प्रश्न होता: ७३०० दिवसांची वर्षं किती? तिने लिहिलं, '२० वर्षांना ५ दिवस कमी'. लाल फुली बसली. पोरीने हवेत हिशेब केला नव्हता. आमची होडी १५ ऑगस्ट २००४ला पाण्यात उतरवली, ती तारीख नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, रंगवलेली आहे. तिथून तिने मधले २९ फेब्रुवारी बोटांवर मोजले: २००८, २०१२, २०१६, २०२०, २०२४. २० वर्षांचे दिवस भरले ७३०५. ७३०० दिवस १० ऑगस्ट २०२४लाच पुरे झाले. चुकलं कुठे? '३६५ने भागा' हे मुलांच्या गळी उतरवणं थांबवायला हवं.

चिपळूणची गणितवाली:
नाही पटलं. एकक पक्कं नसेल तर रूपांतर होतच नाही. वर्ष कधी ३६५ दिवसांचं, कधी ३६६चं, म्हणून एक आकडा धरावा लागतो. व्याज काढतानाही दिवसांना ३६५नेच भागतात. तुमच्या होडीची तारीख प्रश्नात कुठे होती? आणि पाचवीच्या मुलांना ३६५.२४२२ने भागायला लावणार का?

हर्णैचा खलाशी:
ताई, दादा, आमच्याकडे मोसम नारळी पुनवेपासून धरतात. ती २०२२ला ११ ऑगस्टला आली, २०२३ला ३० ऑगस्टला, २०२४ला १९ ऑगस्टला. मोजून बघा, एक वर्ष ३८४ दिवसांचं, पुढचं ३५५चं. २०२३ला अधिक श्रावण होता ना! बारा चांद्रमासांचे दिवस साधारण ३५४, दरसाल अकराएक मागे पडतात, ते साठले की अधिक महिना येतो. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, ती तारखेने पाळतो. पण भरती तिथीने येते. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६. बंदराप्रमाणे थोडं पुढेमागे. बाबांनी शिकवलं, अजून त्यावरच होडी काढतो. ढोबळ हिशेबाला नावं ठेवू नका.

रत्नागिरीकर:
दादा, पाऊणपट मीही करतो. पण भरती रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, आपण धरतो ४५. पंधरवड्यात तासाभराचा फरक पडतो आणि तो तुम्हाला ठाऊक असतो, म्हणून होडी खाजणात रुतत नाही. मुलांना ३६५ शिकवताना हा सुटलेला भाग कोण सांगतं?

चिपळूणची गणितवाली:
प्रश्नात '१ वर्ष = ३६५ दिवस धरा' असं छापलं होतं का?

रत्नागिरीकर:
नाही. वही समोर ठेवूनच लिहितोय.

चिपळूणची गणितवाली:
मग फुली चुकीची. पूर्ण गुण द्यायला हवे होते. पण ३६५ मी सोडणार नाही, 'धरा' हा शब्द फळ्यावर मोठा लिहीन.